इंदूरला राहून आसपासच्या गावांसाठी वेबसाइटची फ्रीलान्स कामं करायची असतील, तर काय लक्षात ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की रिॲक्ट आणि नोड ही वेबसाइट बनवायची साधनं चांगली येतात, नोकरी सोडून इंदूरमधूनच सांवेर, देपालपूर, महूकडची कामं घ्यायची आहेत. तर आणखी काय शिकावं, किती पैसे घ्यावेत आणि गाडी कुठे अडते, असं विचारलंय.

नवीन काही शिकण्याआधी एक सवय लावून घ्या. साइट कशी दिसेल हे ठरवण्यापूर्वी साइटवरची माहिती कोण बदलणार, हे विचारायचं आणि त्या माणसाला प्रत्यक्ष भेटायचं. गावाकडची पाच-सहा पानांची साइट दोन आठवड्यांत उभी राहते. ती मरते शिळ्या माहितीने. कोल्ड स्टोरेजच्या साइटवर 'जागा आहे' असं वाचून कोणी बटाट्याची ट्रॉली भरून आला आणि जागा नसली, तर त्या पट्ट्यात ती साइट पुन्हा कोणी उघडत नाही.

म्हणून माहिती बदलायचं वेगळं पान, म्हणजे ॲडमिन पॅनेल, बनवत बसू नका. गावातला जो माणूस रोजचा हिशोब मोबाइलवर ठेवतो, त्याला गूगल शीट द्या. एका ओळीत एक वस्तू आणि मोजकेच रकाने: नाव, भाव, एकक, शिल्लक, तारीख. साइट स्टॅटिक ठेवायची, म्हणजे पानं आधीच बनवून ठेवलेली. त्यासाठी ह्यूगो किंवा इलेव्हन्टी हे प्रोग्राम पुरे आहेत. ठरावीक वेळाने एक स्क्रिप्ट शीट वाचते आणि पानं नव्याने बनवते.

शीट उघडल्याबरोबर तिच्या सेटिंगमध्ये लोकेल, म्हणजे देश, 'इंडिया' करा. अमेरिकेचं राहिलं तर ०५/०६ म्हणजे ६ मे धरला जातो आणि १३/०६ नुसता मजकूर म्हणून पडून राहतो. महिन्याचे पहिले बारा दिवस तारखा गुपचूप उलट्या होतात आणि कुठलीही एरर येत नाही, म्हणून ही चूक फार उशिरा सापडते. भावाच्या रकान्यात लोक '४५००-४८००', '४५०० रु.', कधी '४,५००/-' असं लिहिणार. त्यांना ओरडू नका. भावाचे किमान आणि कमाल असे दोन रकाने करा आणि डेटा व्हॅलिडेशनने, म्हणजे शीटच्या नोंद तपासायच्या सोयीने, फक्त आकडा घ्या. हिंदी कीबोर्डवरून देवनागरी अंक येतात, तेव्हा स्क्रिप्टमध्ये युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या) ०९६६ ते ०९६एफ या दहा अंकांचं रूपांतर आधीच करून घ्या. एकक, वस्तूचं नाव हे ड्रॉपडाउनमधूनच, म्हणजे तयार यादीतून निवडून, नाहीतर 'लहसुन' आणि 'लहसून' अशा दोन वेगळ्या वस्तू तयार होतात.

शीट वाचता आली नाही तर जुनं पान तसंच राहू द्या. रिकामं पान कधीही छापलं जाऊ नये. प्रत्येक भावाशेजारी तारीख मोठ्या अक्षरात. आणि हे मी प्रत्येक कामात करतोच: भाव तीन दिवसांपेक्षा जुना झाला की तो आपोआप लपतो आणि त्याच जागी 'फोन करून विचारा' असं बटण येतं. मालक सुरुवातीला कुरकुर करतात, पण जुना भाव दाखवण्यापेक्षा न दाखवणं केव्हाही बरं.

मंडीचे भाव हवेत असं बहुतेक सगळेच म्हणतात. ते ॲगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी साइटवर असतात आणि सरकारी डेटा पोर्टलच्या एपीआयमधून (प्रोग्रामला थेट डेटा देणारी सोय) 'की', म्हणजे परवलीचा क्रमांक, घेऊन मिळतात: किमान, कमाल आणि मोडल, म्हणजे सर्वसाधारण, भाव, रुपये प्रति क्विंटल. एपीआयला वापरणाऱ्याच्या फोनवरून हाक मारू नका. सर्व्हरवर दिवसातून दोन-तीनदा आणून साठवा. नाहीतर तुमची 'की' उघडी पडते आणि पोर्टल मंद असलं की तुमचं पानही लटकतं. छावणी आणि लक्ष्मीबाई नगरचं धान्य वेगळं, चोइथराम मंडीचा कांदा-बटाटा-लसूण वेगळा, तेव्हा कोणती मंडी हे नावासकट लिहा. सुट्टीच्या दिवशी नोंद येत नाही, त्या दिवशी मागचा भाव त्याच्या मागच्या तारखेसह दाखवायचा.

आता वजन. पहिलं पान सगळं मिळून ३०० केबीच्या आत ठेवा. फोटो वेबपी या हलक्या प्रकारात, जास्तीत जास्त १२०० पिक्सेल रुंद, क्वालिटी ७० ते ७५. साधारण ६० ते १०० केबीत बसतो. खालचे फोटो लेझी लोड, म्हणजे माणूस तिथपर्यंत आला की मगच उतरणारे. मोबाइलने काढलेला ४ एमबीचा फोटो मालक व्हॉट्सॲपवर पाठवतो तेव्हा तो आधीच दाबलेला असतो. मूळ फोटो हवा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. देवनागरीचा वेबफाँट, म्हणजे साइटसोबत उतरणारा फाँट, टाकू नका. जोडाक्षरांमुळे त्याची फाइल रोमनपेक्षा बरीच जड होते, आणि अँड्रॉइडमध्ये नोटो सान्स देवनागरी आधीपासूनच असतो. ओळीची उंची १.६ ते १.७ ठेवा, वरच्या-खालच्या मात्रा एकमेकींना भिडत नाहीत. बटणं किमान ४८ पिक्सेल उंच. क्रोमच्या थ्रॉटलिंगवर (मंद नेटवर्कची नक्कल) तपासाच, पण खरी परीक्षा जुन्या, २ जीबी रॅमच्या फोनवर भर उन्हात उभं राहून: फिकट करड्या अक्षरांची हौस तिथे फिटते.

साइटची भाषा अर्थातच हिंदी. आपण मराठी माणसं टेम्प्लेट एकदा मराठीत बनवतो आणि पानाच्या कोडमधली भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, तशीच राहते. मग ज्या फाँटमध्ये मराठीची वेगळी वळणं आहेत तिथे ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. ती 'एचआय', म्हणजे हिंदी, करा आणि मजकूर त्या गावच्या माणसाकडून वाचून घ्या.

मजकुराची मोठी डोकेदुखी म्हणजे कृतिदेव, युनिकोडच्या आधीचा जुना हिंदी फाँट. तहसीलजवळच्या टायपिंगच्या दुकानातून आलेली फाइल बहुधा त्यातच असते. वर्डमध्ये छान दिसते, साइटवर चिकटवली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. कन्व्हर्टर मिळतात, पण कृतिदेवमध्ये ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो. युनिकोडमध्ये दोन्हीचा क्रम उलट. म्हणून 'शर्तों', 'वर्मिकम्पोस्ट' असे शब्द रूपांतरानंतर डोळ्यांनी तपासा. नंबर, कंस आणि टक्क्याची चिन्हंसुद्धा बदलतात; दरपत्रकात हे फार महागात पडतं.

लोक तुमच्या साइटवर गूगलवरून कमी आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून जास्त येतील. लिंकचा प्रिव्ह्यू, म्हणजे लिंकसोबत दिसणारी झलक, नीट दिसायला हवा: १२०० बाय ६३० चं चित्र, ३०० केबीच्या आत, चित्रातच ठळक नाव आणि गाव. चित्र बदललं तर फाइलचं नावही बदला, कारण जुना प्रिव्ह्यू साठून राहतो. पानाच्या तळाशी चिकटून दोन बटणं ठेवा, फोन आणि व्हॉट्सॲप. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये वस्तूचं नाव आधीच लिहून ठेवा, म्हणजे मालकाला 'कशाबद्दल?' असं विचारावं लागत नाही.

फॉर्म शक्यतो टाळा. लागलाच तर तीन रकाने: नाव, गाव, मोबाइल. नंबरापुढचा शून्य किंवा +९१ काढून टाका, मग उरलेले १० अंक आणि पहिला ६ ते ९ एवढं तपासा. नेटवर्क जातं तेव्हा माणूस 'भेजें' चारदा दाबतो. पान उघडतानाच एक युनिक आयडी द्या आणि सर्व्हरवर त्या आयडीची एकच नोंद घ्या. भरलेलं लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे त्याच्या फोनच्या ब्राउझरमध्ये, राहू द्या. जमीन विचारायची असेल तर बिघा आणि हेक्टर दोन्ही पर्याय द्या. बिघ्याचं माप जागोजागी बदलतं, आपणहून रूपांतर करू नका. आधार किंवा बँक खातं फॉर्मवर कधीही मागू नका, मालकाने आग्रह केला तरी. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचं सोडा. तो डेटा सांभाळायला तिथे माणूसच नसतो.

ओटीपी लॉगिनचा मोहही आवरा. एसएमएससाठी आधी डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांची नोंदणी व्यवस्था) हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि टेम्प्लेट, म्हणजे मजकुराचा साचा, यांची नोंदणी लागते. शिवाय देवनागरी एसएमएस ७० अक्षरांचा, इंग्रजी १६० चा. दोन ओळींचा निरोपही दोन-तीन मेसेजांच्या हिशोबाने कापला जातो.

पैसे घ्यायला यूपीआयचा क्यूआर चालतो, पण साइट बघणारा त्याच फोनवर असतो, तो क्यूआर स्कॅन कशाने करणार? यूपीआयची लिंक द्या आणि ती व्यापारी खात्याची असू द्या. वैयक्तिक आयडीवर लिंकमधून केलेलं पेमेंट ॲप बरेचदा अडवतात. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयच्या अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक पानावर हवा.

डोमेन मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर, आणि मोबाइल नंबर त्याच्या मुलाचा किंवा मुलीचा, जी व्यक्ती मेसेज वाचते तिचा. नूतनीकरण चुकलं की साइट आणि ईमेल दोन्ही एकदम जातात. शक्य असेल तर तीन वर्षांचं एकदम भरून घ्या. पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून मालकाच्या हाती.

किती घ्यावं? माझ्या मते वर सांगितलेल्या साइटला १५ ते २० हजार रास्त आहेत: निम्मे आधी, निम्मे साइट सुरू झाल्यावर. पण तुमचं घर चालेल ते वार्षिक देखभालीवर, चार-पाच हजार रुपये, डोमेन-होस्टिंग वेगळं. ही रक्कम पहिल्याच दिवशी कागदावर लिहा, त्यात किती बदल धरलेत तेही लिहा. वसुलीची तारीख पिकावर बांधा: सोयाबीननंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर, गव्हानंतर एप्रिल. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर पैसे मागणं आणि शीट शिकवायला बसणं, दोन्ही फुकट जातं. बियाण्याची साइट हवी असेल तर ती मे उजाडण्याआधी तयार पाहिजे. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर जीएसटी नोंदणी लागत नाही. शेतकरी उत्पादक कंपनीने टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, कापला तर तो तुमच्या पॅनवर जमा दिसतोय का, ते आयकर पोर्टलवर दर तिमाहीला बघा. उशिरा कळलं तर त्यांच्या हिशोबनिसाकडून दुरुस्ती करून घ्यायला चकरा माराव्या लागतात.