जुन्या पद्मिनीचं इग्निशन टायमिंग टायमिंग लाइटने कसं लावायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकने टायमिंग (प्लगमध्ये ठिणगी कधी पडते ती वेळ) कानाने लावलं, गाडी मुंबईतल्या केम्प्स कॉर्नरच्या चढावर टॉप गिअरमध्ये ठोकते, म्हणजे इंजिन टकटक आवाज करतं, घरात टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) पडून आहे, तर पुढे काय?

लाइट बाजूला ठेवा आणि आधी डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाची, कॅप काढा. आतल्या पॉइंटची (उघडून ठिणगी पाडणाऱ्या दोन संपर्कांची) गॅप सरकली की टायमिंगही सरकतं. गॅप वाढली तर पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं, म्हणजे ठिणगी लवकर पडते. पॉइंटची फायबरची टाच झिजून गॅप कमी झाली की ते मागे पडतं. म्हणून गॅप आधी, टायमिंग नंतर. टायमिंग लावून झाल्यावर पॉइंटला हात लावलात तर सगळं पुन्हा करावं लागेल.

टाच कॅमच्या उंचवट्यावर येईपर्यंत इंजिन फिरवा आणि फीलर गेजने साधारण 0.45 मिमी ठेवा. एका पॉइंटवर टेंगूळ आणि समोरच्यावर खड्डा असेल तर फीलर टेंगळावर अडतो, तो 0.45 सांगतो, खरी गॅप मात्र जास्त असते. असे पॉइंट घासत बसू नका, कंडेन्सरसकट बदला. ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तरी ऑपेरा हाऊसच्या स्पेअरच्या दुकानांत विचारून बघायला हरकत नाही. टाचेला बोटभर नाही, तांदळाच्या दाण्याएवढंच ग्रीस लावा. जास्त झालं की ते पॉइंटवर उडतं.

आता खुणा. पुढच्या पुलीची कड रॉकेलने पुसून खाच शोधा आणि तिच्यात पांढरा रंग भरा. ऑफिसातला व्हाइटनर उत्तम चालतो. खाच खरोखर टीडीसीची (पिस्टन अगदी वर असतानाच्या जागेची) आहे का, याची खात्री करा. चारही प्लग काढा आणि एक नंबरच्या, म्हणजे रेडिएटरकडच्या, सिलिंडरच्या भोकात पिस्टन अडवणारा स्टॉप बसवा. पुली पान्याने (सेल्फने अजिबात नाही) हळूच एका दिशेने अडेपर्यंत फिरवा, खूण करा, मग उलट फिरवून दुसरी खूण करा. दोन्हींच्या बरोबर मध्ये टीडीसी. भोकात स्क्रूड्रायव्हर घालून अंदाज घेऊ नका: पिस्टन वर पोचला की काही अंश जवळजवळ हलतच नाही.

अंशांच्या खुणा गंजून गेल्या असतील तर पुलीभोवती सुतळी गुंडाळून घेर मोजा आणि त्याला 360ने भागा. पुली 130 मिमी व्यासाची असेल तर घेर सुमारे 408 मिमी, एक अंश 1.13 मिमी आणि 10 अंश 11 मिमीच्या किंचित वर. टीडीसीआधीची रेघ पुली ज्या दिशेने फिरते त्या बाजूला, म्हणजे खाचेच्या पुढे, मारायची. उलट बाजूला मारलीत तर टायमिंग तितकंच मागे लागेल; गाडीला ओढ राहणार नाही आणि दादरच्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा लालकडे जाईल. नेमके किती अंश हवेत ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या, शेजारच्या गाडीवरून नको.

इंजिन गरम करून आयडल (रेस न देतानाचा वेग) मॅन्युअलमध्ये दिलेल्या आरपीएमवर आणा. आयडल जास्त असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली, वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारी वजनं आधीच उघडू लागतात आणि वाचन खोटं येतं. डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम युनिट असेल तर त्याची नळी काढून तोंड बंद करा. लाइटच्या दोन क्लिपा बॅटरीला, चिमटा एक नंबरच्या प्लगच्या वायरवर, त्यावरचा बाण प्लगकडे. डायल असलेला लाइट असेल तर डायल शून्यावर आहे ना, हे बघून घ्या. फसगत बहुतेक वेळा इथेच होते. बाह्या वर करा. लाइटच्या झोतात फिरता पंखाही थांबल्यासारखा दिसू शकतो, तेवढ्यावर विसंबून हात आत घालू नका. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये, संध्याकाळी ऊन उतरल्यावर करा, खुणाही नीट दिसतात.

क्लॅम्पचा नट इतकाच सैल करा की डिस्ट्रिब्युटर जोर लावल्यावर हलेल. रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट वळवलं की टायमिंग पुढे, त्याच दिशेने वळवलं की मागे. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून बॉडी एक अंश वळली तर पुलीवर दोन अंश दिसतात. लाइटच्या झोतात पुलीवरची खूण इंजिनवरच्या स्थिर खुणेशी जुळली की नट आवळा आणि पुन्हा बघा, कारण आवळताना बॉडी थोडी ओढली जाते. टायमिंग पुढे गेलं असेल तर आयडलही वाढलेलं असेल. ते खाली आणा आणि तिसऱ्यांदा बघा.

लाइटचा खरा उपयोग यापुढे आहे. रेस हळूहळू वाढवा, खूण एकसारखी सरकली पाहिजे. सरकलीच नाही तर वजनं गंजून अडकली आहेत; रेस सोडल्यावर परत आली नाही तर स्प्रिंग सैल किंवा तुटलेली. आयडललाच दोन-तीन अंश मागेपुढे नाचत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश गेलाय किंवा टायमिंग चेन ढिली आहे. त्या गाडीत कोणीही अचूक टायमिंग लावू शकत नाही, आणि तुमच्या मेकॅनिकला दोष देण्याआधी हे तपासा.

पावसाळ्यात गाडी मिसिंग करू लागली तर हाच चिमटा एकेका प्लगच्या वायरवर लावा. ज्या वायरवर लाइट मधूनच चुकतो तिच्या कॅपच्या टोकाशी, वायरीत किंवा कॅपच्या आतल्या केसासारख्या काळ्या रेघेत दोष सापडेल.