गोलाईत चालंल का इंग्लंडातली वर्गणी?

प्रश्न : ताई नमस्कार. लातूरला गंजगोलाईत आमचं भांड्यांचं दुकान हाय, वडलांपासूनचं. माझा भाचा इंग्लंडात एका छोट्या गावात दुकान चालवायलाय. परवा फोनवर म्हणला, मामा, आमच्या पेठेच्या वर्गणीचं पाच वर्षांनी परत मतदान लागलंय आणि कौन्सिलनं आधीच जाहीर करून टाकलं की आमचा पाठिंबा हाय. आता म्युन्सिपाल्टीच एका बाजूनं उभी राहिली तर मतदानाला अर्थ काय राहिला? आणि असलं काही आपल्या गोलाईत जमतंय का?
— एक व्यापारी, लातूर

उत्तर : भाऊ, शंका अगदीच चुकीची नाही तुमची. भाचा ज्याला वर्गणी म्हणतोय त्याला तिकडं बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट म्हणतात, थोडक्यात बिड (आपला बीड नाही, तिथल्या वाचकांनी लगेच फोन करू नये). सुरुवात झाली 1970 मध्ये कॅनडात, टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज नावाच्या बाजारपेठेत. इंग्लंडात 2003 ला कायदा आला आणि 2005 ला किंग्स्टनमध्ये तिथलं पहिलं बिड सुरू झालं. ठरलेल्या हद्दीतल्या दुकानांनी जादाचे पैसे भरायचे आणि ते त्याच हद्दीत खर्च करायचे, लाइटिंग, जादा साफसफाई, सणासुदीचे कार्यक्रम, रात्रीचा गस्तवाला, असल्या कामांवर. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं, नंतर परत मत घ्यायचं नाहीतर गाशा गुंडाळायचा.

पैसे किती तर दुकानाचं जे वार्षिक भाडेमूल्य सरकारदरबारी धरलेलं असतं त्याच्या साधारण एक-दीड टक्का, म्हणजे 12,000 पौंड मूल्य असलं आणि दर दीड टक्का असला तर वर्षाला 180 पौंड. आणि गंमत अशी की एकदा मतदान पास झालं की ज्यानं 'नाही' म्हटलं त्यालापण भरावेच लागतात, तिथं सुटका नाही.

आता कौन्सिलचं. पेठेत तिच्याही जागा असतात, वाचनालय, पार्किंग, ऑफिस, त्या प्रत्येक जागेचं एक मत, जसं भाच्याच्या दुकानाचं एक. पण बिड पास झालं की त्या जागांची वर्गणी कौन्सिललापण भरावी लागते, म्हणजे पाठिंबा फुकटचा नसतो. मोजणी दोनदा होते, एकदा नुसती डोकी आणि एकदा भाडेमूल्य, दोन्हीत बहुमत पाहिजे. 100 जणांनी मत दिलं आणि त्यातल्या 60 बारक्या दुकानदारांनी नाही म्हटलं तर 40 बडे एका बाजूला असूनही बिड पडतं. दुसऱ्या मोजणीत मात्र कौन्सिलच्या मोठ्या बिल्डिंगांचं वजन पडतं, म्हणून म्हटलं शंका चुकीची नाही.

पण मला विचाराल तर त्या पाठिंब्यातली खरी किमती गोष्ट वेगळीच आहे, झाडू किती वेळा मारतो, दिवे कोण बघतं, कचरा कधी उचलतो हे कौन्सिल आधी कागदावर लिहून देते, आणि बिडचे पैसे फक्त त्याच्या वरच्या कामाला. नाहीतर काय होईल, व्यापारी झाडायला लागले की म्युन्सिपाल्टीचा झाडूवाला दुसऱ्या गल्लीत.

गोलाईचं म्हणाल तर मधी जगदंबेचं मंदिर, भोवती गोल इमारत आणि चहूकडनं येऊन मिळणारे 16 रस्ते, हद्द आखायला याहून सोपी पेठ मराठवाड्यात शोधून सापडायची नाही. पण आपल्याकडं व्यापारी संघटनेला सक्तीनं वसुली करायचा अधिकारच नाही. दिवाळीच्या लाइटिंगची पावतीपुस्तकं घेऊन मीपण फिरलेय आमच्या पेठेत, चपलांच्या बारक्या दुकानवाल्यानं गल्ल्यातनं मोजून 500 काढून दिले आणि समोरच्या तीन मजली शोरूममध्ये गेले तर म्हणे मालक गावाला गेलेत. मालक वरच्या मजल्यावर चहा प्यायलेत हे सगळ्या गल्लीला माहीत. माळा मात्र त्यांच्या दारावरपण लागल्याच, रस्ता एकच ना.

अजून एक, तिकडं मत आणि वर्गणी सहसा जो दुकान वापरतो त्याची, मालकाची नाही. आपल्याकडं पागडीच्या दुकानांत यावरूनच सहा महिने भांडण चालंल. आणि कुणी म्हणालं की पैसे जमवून आधी हातगाडेवाले हलवू, तर तसं होत नाही, 2014 च्या कायद्यानं ते महापालिकेनं नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशीवरूनच करायचं आणि त्या समितीत किमान 40 टक्के जागा फेरीवाल्यांच्याच, त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या.

तेव्हा वर्गणीचं राहू द्या सध्या. माहिती अधिकारात 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज टाका, गोलाईत रोज किती सफाई कामगार नेमलेत, कचरागाडीच्या किती फेऱ्या ठरल्यात, दिव्यांच्या देखभालीचं काम कुणाकडं. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. कागद आला की दुकानाच्या काउंटरवर ठेवा आणि आठवडाभर स्वतः मोजा, गाडी खरंच किती वेळा आली ते. आणि भाच्याला विचारा त्यानं मत काय दिलं, मला पण उत्सुकता आहे.