आधी एका विमानावर हात बसू द्या

तुमचं पत्र वाचलं. मुलीकडे कमर्शियल लायसन्स आहे, ती सेसना १७२ आणि पायपर आर्चर उडवते, आणि आता तिनं दोन इंजिनांचं डायमंड डीए४२ ही शिकावं असा तुमचा आग्रह आहे. मॉडेलं जास्त तर बायोडेटा भक्कम, हे तुमचं गणित. मला खटकलं ते शेवटचं वाक्य: 'दोन विमानांत गोंधळ होतो म्हणते, पण ही टाळाटाळ आहे.'

टाळाटाळ नाही हो ही! आपला सराव सुटलाय हे वेळीच ओळखणं हा वैमानिकाच्या कामाचाच भाग आहे. ते सांगितल्यावर घरात बोलणी खावी लागली, तर पुढच्या वेळी ती गप्प राहील आणि तशीच उड्डाणाला जाईल. मला काळजी आहे ती याची.

'९० दिवसांत तीन टेकऑफ, तीन लँडिंग केली की झालं' असंही तुम्ही लिहिलंय. ती प्रवासी नेण्यासाठीची किमान अट आहे. शिवाय अमेरिका-युरोपच्या नियमांत छोटी सिंगल-इंजिन विमानं एकाच वर्गात धरतात, म्हणजे सेसनातली लँडिंग आर्चरलाही चालतात. कागदावर चालतात, हाताला नाही. सेसनाचा फ्युएल सिलेक्टर, म्हणजे टाकी निवडायचा खटका, 'बोथ'वर ठेवला की दोन्ही टाक्यांतून इंधन येतं. आर्चरमध्ये 'बोथ' नसतंच. ठरावीक वेळानं टाकी बदलावी लागते. तेव्हा, आणि टेकऑफ-लँडिंगलाही, इंधनाचा इलेक्ट्रिक पंप चालू ठेवावा लागतो. सेसनाच्या सवयीनं टाकी बदलणं राहून गेलं, तर एक टाकी भरलेली असतानाही इंजिन बंद पडतं. तेव्हा ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत उतरण्याचा वेग सेसना १७२एस या मॉडेलला ६८ नॉट, आर्चर ३ ला ७६. नेमका त्याच क्षणी जुना आकडा तोंडात येतो.

तिला एक मुख्य विमान ठरवू द्या. दुसऱ्यावर महिनाभर खंड पडला, तर पहिलं उड्डाण इन्स्ट्रक्टरबरोबर: स्टॉल (पंखांची उचल सुटणं), गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं), इंजिन बंद पडल्याचा सराव, फ्लॅपशिवाय (पंखांमागच्या झडपा न उघडता) लँडिंग. विमान बदलताना आदल्या दिवशी उभ्या विमानात हँडबुक घेऊन पंधरा मिनिटं बसावं. सिलेक्टर, पंप, फ्लॅप यांवर क्रमानं हात न्यावा, वेग मोठ्यानं म्हणावेत.

डीए४२ सारख्या विमानासाठीचं मल्टी-इंजिन रेटिंग, म्हणजे लायसन्सवरची जादा परवानगी, लागणार असेल तर जरूर घ्या, पण सलग वेळ काढून, इतर विमानं बाजूला ठेवून. एअरलाइन सहसा वैमानिकाला एकाच प्रकारच्या विमानावर ठेवते. मॉडेलांच्या यादीनं तिथं फारसं काही साधत नाही.

डीए४२ चे पैसे भरण्याआधी तिला विचारा, सध्या कोणत्या विमानात तिला स्वतःची खात्री वाटते. पुढचे तास त्याच विमानावर घ्या.