वाचकांचे प्रश्न : एकच मसाला, तीन रंग

प्रश्न : आम्ही दोघी जावा परळला राहतो आणि मालवणी मसाला, भाजणी व मेतकूट घरून विकतो. लालबागच्या मिरची गल्लीतून मिरची आणून मसाला डंकावर कुटून घेतो. इन्स्टाग्रामवर पेज सुरू केले आहे. लोगो पुतण्याने तयार केला असून पोस्ट कधी मुलगी टाकते, कधी मी. ओळखीचे लोक कौतुक करतात, पण पेज पाहून नवे गिऱ्हाईक येत नाही. सगळे विस्कळीत दिसते, असे मुलीचे म्हणणे आहे. एजन्सीचा खर्च आम्हाला परवडणारा नाही. काय करावे?
— एक वाचक, परळ

उत्तर : आपण कळवलेले पेज पाहिले. मुलीचे म्हणणे बरोबर आहे, मात्र त्याचे मुख्य कारण लोगो नसून मसाल्याचा रंग आहे. एकच मालवणी मसाला एका फोटोत केशरी, दुसऱ्यात विटकरी आणि तिसऱ्यात जवळजवळ तपकिरी दिसतो. ज्याने आपला मसाला कधी चाखलेला नाही त्याच्यापुढे ना चव असते ना वास. त्याला फक्त रंग दिसतो, आणि तोच दर वेळी बदलत असेल तर यंदा रंगाची बेडगी कमी घालून तिखट संकेश्वरी मिरची वाढवली की काय, अशी शंका जाणत्या गिऱ्हाइकाला येणारच.

दोष उजेडाचा आहे. काही फोटो ट्यूबलाइटखाली, काही रात्री पिवळ्या दिव्यात काढलेले आहेत आणि त्यांवर पुन्हा निरनिराळे फिल्टर चढवले आहेत. यापुढे घरातील एक खिडकी ठरवून घ्यावी, जिथे उजेड भरपूर येतो पण ऊन थेट पडत नाही. फोटो काढताना घरातले दिवे बंद ठेवावेत, कारण दोन प्रकारचा उजेड मिसळला की फोनच्या कॅमेऱ्याचा रंगांचा अंदाज चुकतो. चौकटीच्या कडेला एक पांढरी बशी ठेवावी, ती फोटोत पांढरी दिसेल एवढीच दुरुस्ती करावी आणि मग तो भाग कापून टाकावा. फिल्टर अजिबात वापरू नये. पावसाळ्यातल्या निळसर उजेडातही ही बशी उपयोगी पडते. तरी आपला खरा हंगाम एप्रिल-मे महिन्यांतला असल्याने वर्षभर पुरतील एवढे फोटो तेव्हाच काढून ठेवणे अधिक सोयीचे.

पेजचे रंगही मालातूनच घ्यावेत : मसाल्याचा विटकरी, मेतकुटाचा फिका पिवळा आणि सोबत पांढरा. या रंगांचे सांकेतिक क्रमांक (ॲपमध्ये प्रत्येक छटेला असणारा कोड) एका कागदावर लिहून ठेवावेत, म्हणजे पोस्ट मुलीने केली काय किंवा आपण केली काय, छटा तीच राहील. त्याच कागदावर फॉन्टची नावे लिहावीत. मथळ्यासाठी ‘बलू’ आणि मजकुरासाठी ‘मुक्ता’ हे दोन पुरेसे आहेत. दोन्ही मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेचे असून गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळतात. फॉन्ट कोणताही घेतला तरी ‘लालबाग’मधला ल आणि ‘शेंगदाणा’मधला श मराठी वळणाचा उमटतो की हिंदी, हे एकदा तपासावे. वाचक बोलून दाखवत नाही, पण घरगुती मराठी मालावर परके वळण त्याला खटकते.

आता थोडे अप्रिय बोलतो. आपल्या पेजवरील निम्म्याहून अधिक जागा सणांच्या शुभेच्छांनी व्यापली आहे. गुढीपाडव्यापासून नाताळपर्यंत प्रत्येक दिवशी ॲपमधील तयार चौकटीत लोगो बसवून शुभेच्छा टाकल्या आहेत. प्रत्येक चौकटीचा रंग निराळा, अक्षर निराळे. चौकाचौकांतल्या फ्लेक्समुळे आपल्याला याची सवय झाली आहे खरी, परंतु नव्या गिऱ्हाइकाला त्यातून मसाल्याविषयी काहीच कळत नाही. हे सर्व इन्स्टाग्रामच्या संग्रहात (अर्काइव्ह) हलवावे, म्हणजे ते पेजवरून दिसेनासे होईल आणि पुसलेही जाणार नाही. सण साजराच करायचा असेल तर आपल्या मालातून करावा. दिवाळीला भाजणीची चकली पुरेशी बोलते.

लोगोत मिरची, पाटा-वरवंटा, दोघींची नावे आणि फोन नंबर एवढे सगळे आहे. प्रोफाइलचा फोटो छोट्याशा वर्तुळात दिसतो आणि तेवढ्या जागेत यातले काहीच वाचता येत नाही. पुतण्याला न दुखावता त्यातली फक्त मिरची वर्तुळात घ्यावी आणि पूर्ण लोगो पाकिटावर तसाच ठेवावा.

परिचयाला 150 अक्षरांची मर्यादा आहे. त्यात ‘परंपरा’, ‘आपुलकी’ असले शब्द न भरता काय मिळते, कुठून मिळते आणि मागणी कशी नोंदवायची एवढेच लिहावे. नावाच्या रकान्यातील शब्द शोधात येतात, म्हणून तिथे व्यवसायाच्या नावापुढे ‘मालवणी मसाला’ जरूर असावे. वरती तीन पोस्ट कायम ठेवता येतात : एक दरपत्रक, दुसरी मागणी व घरपोच व्यवस्थेची आणि तिसरी डंकावर मसाला कुटतानाची रील. अन्न सुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक दरपत्रकावर स्पष्ट दिसू द्यावा. व्हॉट्सॲप बिझनेसवरही हाच फोटो, हेच नाव आणि हेच दर असावेत. सध्या तिथे जुने दर दिसत आहेत.

प्रश्न : गिरगावात माझे खणाच्या ब्लाउजांचे छोटे दुकान आहे. इन्स्टाग्रामवर एक फोटो, एक मजकूर अशी बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी केली होती, परंतु ती आता बिघडली आहे आणि जुन्या पोस्टवरील अक्षरेही कापली गेली आहेत. पुन्हा पहिल्यापासून करावे का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : करू नये. नवी पोस्ट आली की आधीच्या सगळ्या एकेक घर सरकतात, त्यामुळे एखादा क्रम चुकला की पट मोडतो आणि तो सांभाळण्यासाठी आपण नको असलेला मजकूर लिहू लागतो. शिवाय बहुतेकांना आपली एकेक पोस्ट वेगवेगळी दिसते, पूर्ण मांडणी नव्हे. अक्षरे कापली जाण्याचे कारण वेगळे आहे : जानेवारी 2025 मध्ये इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरील चौरस बदलून उभे आयत आणले, त्यामुळे जुन्या चौरस पोस्टच्या डाव्या-उजव्या कडा झाकल्या जातात. नव्या पोस्ट 1080 बाय 1350 पिक्सेलच्या उभ्या आकारात कराव्यात आणि अक्षरे कडांपासून आत ठेवावीत, कारण याही आकाराच्या बाजू प्रोफाइलवर किंचित कापल्या जातात. जुन्या पोस्टपैकी ज्यांवर दर किंवा मापे लिहिली आहेत, तेवढ्याच नव्याने कराव्यात.