तो बोलावा म्हणून शिकायचं मी?

प्रश्न : माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. चार महिन्यांपूर्वी ऑटिझमचं निदान झालं. दीड वर्षाचा असताना तो चार-पाच शब्द बोलायचा, ते गेले. आता काही हवं असलं की माझं मनगट धरून ओढत नेतो आणि माझा हात त्या वस्तूवर ठेवतो. टीव्हीवरच्या जाहिरातीतली एक ओळ मात्र स्पष्ट म्हणतो. दर पंधरा दिवसांनी स्पीच थेरपीला जातो, पण थेरपिस्ट त्याला शिकवतच नाहीत. मला त्याच्याशी खेळायला सांगतात, त्याचं शूटिंग करतात आणि मग ते मलाच दाखवतात. याला 'पेरेंट कोचिंग' म्हणतात म्हणे. मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. माझंच काही चुकलं म्हणून तो बोलत नाही, असा याचा अर्थ आहे का? नवरा दिवसभर त्याला "हे काय? सांग, हे काय?" विचारत असतो. थेरपिस्टनी चित्रांची कार्डं सुचवली, तर सासूबाई म्हणतात, कार्डं दिली की तो बोलायचा कंटाळाच करेल. हे सगळं सोडून मुलाला थेट शिकवणारं कुणी शोधू का?
– एक आई

उत्तर : सोडू नका. निदान आणखी तीन-चार महिने तरी नाही. थेरपिस्टकडे काय मागायचं ते शेवटी सांगते, आधी तुमच्या मनातला काटा काढू.

तुमचं काही चुकलेलं नाही. आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो, असं गेल्या शतकाच्या मध्यावर काही तज्ज्ञ खरोखरच म्हणत असत. ते मत कधीच मोडीत निघालं, पण त्याची धास्ती आयांच्या मनातून गेलेली नाही. ऑटिझम हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. मग शिकायचं तुम्ही का? बहुतेक बाळं बघून, बोट दाखवून, हाक मारून मोठ्यांना आपल्याकडे ओढून घेतात आणि मोठ्यांचं उत्तर आपोआप येतं. ऑटिझम असलेल्या मुलाचे इशारे पुसट असतात, उशिरा येतात, वेगळ्याच वाटेने येतात. चांगल्यातल्या चांगल्या आईच्याही नजरेतून ते निसटतात. ते टिपायला शिकणं हे जास्तीचं कौशल्य आहे. शिवाय थेरपिस्टच्या वाट्याला तो पंधरा दिवसांतून एकदा येतो, तुमच्याकडे जागेपणीचा जवळजवळ सगळा वेळ असतो.

तुमच्या थेरपिस्ट जे करताहेत, त्याच पद्धतीची मोठी चाचणी झालेली आहे. 'पॅक्ट' नावाच्या उपचारपद्धतीत पालक आणि मुलाच्या खेळाचं चित्रण करून ते पालकांबरोबर पाहतात. सहा महिने दर पंधरवड्याला एक सत्र, पुढचे सहा महिने महिन्याला एक, आणि घरी रोज अर्धा तास सराव. २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिच्या चाचणीचे निष्कर्ष आले. १५२ मुलं होती, सगळी पाच वर्षांच्या आतली. पालकांचं मुलाच्या कलाने प्रतिसाद देणं स्पष्टपणे वाढलं आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. ऑटिझमच्या लक्षणांतला फरक तेव्हा फारसा नव्हता. उपचार संपल्यावर सुमारे सहा वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा तपासलं, तेव्हा लक्षणं काहीशी सौम्य असल्याचं दिसलं. आता न आवडणारी गोष्टही सांगते : भाषेच्या चाचण्यांत मोठी उडी दिसली नव्हती. म्हणून महिन्याला किती शब्द आले हे मोजत बसलात तर निराश व्हाल. तो स्वतःहून किती वेळा तुमच्याकडे आला, ते मोजा. शब्द येणार असतील तर बहुधा याच वाटेने येतात.

घरी नेमकं काय करायचं? समजा, तो गाड्या एका ओळीत लावतोय. टीव्ही बंद करा आणि तीन-चार खेळणी सोडून बाकीची नजरेआड करा. जमिनीवर त्याच्या समोर बसा, शेजारी नको. मान न वळवता तुमचा चेहरा त्याला दिसला पाहिजे. पहिलं मिनिटभर तोंडातून अक्षर काढू नका, नुसतं बघा : तो चाकं बघतोय, रंग बघतोय की फक्त ओळ सरळ आहे का ते? मग त्याला लागणारी पुढची गाडी उचलून त्याच्या हाताजवळ धरा. त्याने घेतली की "गाडी". ओळीत ठेवली की "लावली". पुन्हा एक द्या. पाचव्या-सहाव्या गाडीला तुमचा हात जरा उशिरा जाऊ द्या. त्याने हात पुढे केला, आवाज काढला किंवा पाव सेकंद तुमच्याकडे बघितलं, तर तो तुमच्याशी बोलला. गाडी लगेच द्या.

इथे हमखास एक चूक होते. आपल्याला ती ओळ बघवत नाही, म्हणून आपण एक गाडी काढून "बघ, कशी पळते, भुर्रर्र!" करतो आणि तो पाठ फिरवतो. त्याचं लक्ष जिथे होतं तिथून तुम्ही ते हलवलंत, आता शब्द चिकटणार कशाला? ओळीला हात लावलेला त्याला चालतच नसेल, तर दुसऱ्या गाड्या घेऊन तुमची ओळ वेगळी लावा. त्याने एक ठेवली की तुम्ही एक. तो थांबला की तुम्हीही थांबा. बरीच मुलं अशा वेळी चमकून बघतात. "माझ्याकडे बघ" म्हणणं आणि हनुवटी धरून तोंड वळवणं मात्र पूर्ण बंद. काही मुलांना नजरेला नजर देणं खरोखर त्रासाचं असतं, आणि न बघताही ती ऐकत असतात.

आता थांबण्याबद्दल. सगळ्यांत अवघड हेच असतं. काही बोललात किंवा दाखवलंत की मनातल्या मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. काही मुलांना दहा लागतात. आपण दोन सेकंदांत तीच गोष्ट शब्द बदलून म्हणतो : "गाडी हवी? ही घेतोस? सांग ना, कुठली?" आपल्या लेखी हा एकच प्रश्न, त्याच्या लेखी तीन नवी वाक्यं, आणि प्रत्येकाला त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. थांबताना चेहरा कोरा नको. भुवया वर, शरीर किंचित पुढे, ओठ मिटलेले.

बोलायचं ते थोडं, पण मोडकं नाही. तो शब्द बोलत नाही, तोवर तुमची वाक्यं एक-दोन शब्दांची. तो एक शब्द बोलू लागला की तुमची दोन-तीन शब्दांची. "गाडी पडली" म्हणा, "गाडी पडणे" नको. प्रत्यय गाळले तर तो तेच शिकेल. तुमचा मुलगा ऐकलेलं जसंच्या तसं उचलणारा आहे, हे जाहिरातीवरून दिसतंच. अशा मुलाला रोज "पाणी हवंय का?" विचारलं, तर तहान लागल्यावर तो "हवंय का" म्हणणार. म्हणून त्याच्या तोंडी शोभेल तेच बोला : "पाणी दे", "उघड", "नको", "अजून". "मी जातो" हेसुद्धा त्याच्या बाजूने म्हणा. दिवसभर आईचं "मी जाते, मी देते" ऐकणारा मुलगा तसंच बोलतो. पुढे कधी तसं बोललाच तर हसू नका, चूकही काढू नका. "मी जातो" एवढं म्हणून त्याच्याबरोबर निघा.

मनगट ओढणं हा संवादच आहे. तो थांबवू नका, त्यातून पुढची पायरी काढा. त्याच्याबरोबर जा. त्याने तुमचा हात झाकणावर ठेवला की हात सैल सोडून पाचपर्यंत थांबा. त्याने स्वतः हात लावला, आवाज केला, तुमच्याकडे बघितलं, काहीही केलं, तर "उघड!" म्हणून उघडा. काहीच केलं नाही, तरी "उघड" म्हणून उघडाच. "आधी बोल, मग देते" ही अट घालू नका. बोलणं आणि अडवणूक यांची गाठ एकदा बसली की मूल मागणंच सोडतं किंवा थेट आरडाओरडा करतं. संधी घडवायच्या त्या खेळात : साबणाच्या फुग्यांची बाटली झाकण घट्ट लावून द्या, चावीचं खेळणं थांबलं की लगेच चावी देऊ नका, झोका मध्येच धरा. अशा दोन-तीन संधी एका खेळात पुरे. तहान, भूक आणि त्याची धीर देणारी लाडकी वस्तू यांवर कधीही प्रयोग नको. बोट दाखवणं हवं असेल तर त्याच्या आवडीची वस्तू त्याच्या हाताच्या पोचेपलीकडे, पण दिसेल अशी धरा. लांबवलेल्या हाताचं पुढे बोट होऊ शकतं.

जाहिरातीच्या ओळीला निरर्थक समजू नका. आठवडाभर एका कागदावर टिपा : कधी म्हणाला, आधी काय झालं, नंतर त्याने काय केलं. पुष्कळदा अशी ओळ ठरावीक प्रसंगालाच येते : खूश झाला की, गोंगाट झाला की, टीव्ही हवा असला की. अर्थ लागला की त्या प्रसंगाला साजेसा छोटा शब्द तुम्ही म्हणा, "मजा आली!" किंवा "आवाज नको". ओळ बंद पाडायच्या मागे लागू नका.

तुमच्या यजमानांना उपदेश करू नका, फोन द्या. त्यांच्या आणि मुलाच्या खेळाचं दहा मिनिटांचं शूटिंग करा (फोन मुलाच्या उंचीला टेकवून) आणि दोघांनी मिळून मोजा : प्रश्न आणि हुकूम किती, नुसतं वर्णन किती, आणि मुलाने स्वतःहून काही सुरू केलं ते किती वेळा. तुमच्याच व्हिडिओपासून सुरुवात केलीत तर बरं, म्हणजे घरात दुसरी परीक्षा सुरू व्हायची नाही. "हे काय?" ही त्याला उत्तर देता न येणारी तोंडी परीक्षा आहे, आणि दिवसभर नापास होणारं मूल परीक्षकापासून लांब पळतं. एका प्रश्नामागे तीन-चार वर्णनं एवढं प्रमाण ठेवलं तरी खूप झालं. त्यांना मुलाला उचलून उडवायला आवडत असेल, तर तोच खेळ घ्या. "एक, दोन, तीन!" म्हणून उडवायचं, पाच-सहा वेळा अगदी तस्संच. मग "एक, दोन..." म्हणून थांबायचं. खेळ पाठ होण्याआधीच थांबलं तर मुलाला कळत नाही, काय अपेक्षित आहे ते. अति ताणलं तर तो निघून जातो. त्याचा हुंकार आला किंवा त्याने अंग उचललं, की "तीन!"

आता कार्डं. सासूबाईंची भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते, पण अभ्यास तसं सांगत नाहीत. चित्रं, खुणा, आवाज देणारी उपकरणं अशी साधनं दिलेल्या, विकासात अडचणी असलेल्या व्यक्तींच्या अभ्यासांचा २००६ साली आढावा घेतला गेला. त्यांतल्या नीट पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नाही. बहुतेकांचं वाढलं, वाढ लहान असली तरी. सासूबाईंना हवं तर एवढंच सांगा : बोलणं त्याला आत्ता सगळ्यांत अवघड जातंय, चित्राने निदान मागता तरी येईल. कार्डं फसतात ती दोन कारणांनी. एक, ती कपाटात राहतात. ती जिथे लागतात तिथे हवीत, फुग्यांचं कार्ड फुग्यांच्या बाटलीजवळ. दोन, "गाडी कुठंय? दाखव" अशी चाचणी सुरू होते. त्याऐवजी बोलता बोलता तुम्हीच चित्राला बोट लावा, आठवडेच्या आठवडे, त्याने तसं करण्याची अपेक्षा न ठेवता. एक सावधगिरी : त्याचा हात किंवा कोपर धरून त्याच्याकडून अक्षरं टाइप करून घेणारी पद्धत कुणी सुचवली, तर नको म्हणा. तिथे शब्द हात धरणाऱ्याचे असतात, हे चाचण्यांत वारंवार दिसलं आहे.

वेळ किती? दिवसातून दहा मिनिटांचे दोन-तीन तुकडे, आणि बाकी अंघोळ, कपडे, झोपायची तयारी यांत जमेल तेवढं. आजारी असाल, दमला असाल त्या दिवशी काहीच नाही केलं तरी चालतं. दिवसभर थेरपिस्ट होऊन वावरणारी आई लवकर थकते, आणि मुलालाही साधी आई हवी असते.

पुढच्या सत्रात थेरपिस्टना असं म्हणा : "मला परीक्षा दिल्यासारखं वाटतं. व्हिडिओत आमचं जमलेलं ठिकाण आधी दाखवा आणि पुढच्या पंधरा दिवसांसाठी एकच गोष्ट द्या." चांगल्या कोचला हे ऐकून बरंच वाटेल. चित्रण थांबवून "इथे त्याने काय केलं? त्याआधी तुम्ही काय केलंत?" असं विचारणं, ही कामाची खूण. उलट, दर वेळी नुसत्या चुकाच दाखवत असतील, दहा सूचनांचा कागद हातात देत असतील, किंवा चार महिन्यांनंतरही उद्दिष्ट काय आणि ते कसं मोजणार हे सांगता येत नसेल, तर दुसरं माणूस शोधा. तेव्हाही पालकांना खोलीबाहेर बसवणारं नको. मुलाबरोबर थेट काम करणारी थेरपी याच्या जोडीला घ्यायला हरकत नाही.

आणि एक राहिलंच. त्याची श्रवण तपासणी झाली आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. जाहिरात ऐकू येते म्हणजे कान ठीक आहेत असं धरू नका, ठरावीक पट्टीचे आवाज कमी ऐकू येत असतील तरी असं होऊ शकतं. झाली नसेल तर करून घ्या. आलेले शब्द गेले, हे बालरोगतज्ज्ञांना तारखेच्या अंदाजासह सांगा. तो मध्येच टक लावून हरवत असेल, हाक आणि स्पर्श दोन्हींना प्रतिसाद देत नसेल किंवा अंगाला झटके येत असतील, तर त्याचंही शूटिंग करा आणि ते घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा.