पाम व्हॅली: वाळूपेक्षा शेवटच्या चार किलोमीटरची काळजी करा

जुलैमध्ये आई-वडिलांना घेऊन ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जला जाताय, गाडी भाड्याची फोर-व्हील ड्राइव्ह असेल, वाळूत चालवायची सवय नाही. तर फिंक गॉर्ज नॅशनल पार्कातली पाम व्हॅली, म्हणजे पामच्या झाडांची दरी, एका दिवसात होईल का, असं तुम्ही विचारलंय. होईल. पण मी एक रात्र तिथल्या कॅम्पग्राउंडवर काढेन. आणि शेवटचा टप्पा स्वतः चालवायचा की नाही, हे घरी बसून ठरवू नका.

रस्त्याचे तीन तुकडे आहेत. ॲलिसपासून हर्मन्सबर्गपर्यंत साधारण १२५ किलोमीटर लारापिंटा ड्राइव्ह नावाचा रस्ता, सगळा डांबरी. हर्मन्सबर्ग (स्थानिक नाव न्तारिया) म्हणजे १८७७ साली स्थापन झालेलं लुथरन पंथाचं ख्रिस्ती मिशन. चित्रकार अल्बर्ट नामाटजिरा इथलेच. वडिलांना चित्रांची आवड असेल तर जुन्या इमारतींसाठी वेळ ठेवा. गाव सोडल्यावर लगेच डावीकडे फाटा लागतो आणि पुढचे १६ किलोमीटर फिंक नदीच्या पात्रातून आणि काठाने जातात. तिथून पुढे कॅम्पग्राउंड ते पाम व्हॅली चार-एक किलोमीटर.

सगळे वाळूला घाबरतात. पात्रातली वाळू मऊ आहे, पण ती माफ करते. आत शिरण्यापूर्वीच फोर-व्हील लावा, टायरची हवा २०-२२ पीएसआयच्या आसपास आणा, वेग एकसारखा ठेवा आणि मध्येच थांबू नका. चाकं फिरतायत पण गाडी हलत नाही असं झालं की ताबडतोब ॲक्सिलरेटर सोडा. जोर लावत राहिलात तर गाडी पोटावर बसते. चाकांभोवतीची वाळू फावड्याने बाजूला करा आणि आपल्याच चाकोरीतून मागे या. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

शेवटचे चार किलोमीटर वेगळे. तिथे वालुकाश्माच्या पायऱ्या आहेत. गाडी अक्षरशः दगडावरून दगडावर उतरते. इथे जोर कामाचा नाही, जमिनीपासूनची उंची कामाची. लो रेंज (फोर-व्हीलची हळू पण जास्त ताकदीची गिअर-स्थिती), पहिला गिअर, आणि एकाने खाली उतरून पुढे चालत चाक कुठे टाकायचं ते हाताने दाखवायचं. सॉफ्ट-रोडर, म्हणजे मुख्यतः शहरी रस्त्यांसाठीची एसयूव्ही, मग तिच्या मागे काहीही लिहिलेलं असो, कॅम्पग्राउंडलाच उभी करा. भाड्याच्या कराराचं बारीक अक्षरही वाचा: गाडीच्या खालच्या भागाचं आणि पाण्यामुळे झालेलं नुकसान विम्यात बहुधा नसतं. या ट्रॅकला परवानगी आहे असं लेखी घ्या. काउंटरवरच्या माणसाचं 'नो वरीज' म्हणजे परवानगी नव्हे.

करार नाही म्हणाला किंवा रस्ता बघून हात आखडला, तर ॲलिसहून गाइडसह फोर-व्हील ड्राइव्ह टूर निघतात. आई-वडील सोबत असताना त्यात कमीपणा कसला? उलट तुम्हालाही खिडकीबाहेर बघता येईल.

बघण्यासारखं पुष्कळ आहे. या दरीतले लाल कोबी पाम निसर्गतः फक्त याच परिसरात वाढतात. सच्छिद्र वालुकाश्मातून झिरपणाऱ्या पाण्यावर ते तगून आहेत. प्राचीन वर्षावनाचे ते अवशेष आहेत अशी समजूत अनेक वर्षं होती. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने ती हलवली: यांचे जवळचे नातेवाईक हजारेक किलोमीटर उत्तरेला मातारांका भागात आहेत आणि दोघांची फारकत जेमतेम १५,००० वर्षांपूर्वीची. म्हणजे बिया माणसांनी आणल्या असण्याची शक्यता आहे. गंमत म्हणजे उत्तरेकडून देवांनी बिया आणल्या ही इथल्या आदिवासींची कथा मिशनरी कार्ल श्ट्रेलो यांनी १८९४ मध्येच नोंदवून ठेवली होती. पायवाट सोडू नका, कारण पामची कोवळी रोपं गवतासारखी दिसतात आणि सहज तुडवली जातात.

पायी फिरायला आई-वडिलांसाठी अरान्काइआ ही दोन किलोमीटरची वाट बरी. थोडा चढ आहे, पण पाम भरपूर दिसतात. पाच किलोमीटरची म्पुलुंगकिन्या त्यांच्या गुडघ्यांना विचारून करा. कॅम्पजवळचा कलारांगा लुकआउट छोटा पण खडा आहे. संध्याकाळी जा, कडे तेव्हाच लाल होतात. दिवसात परतायची घाई केली की नेमकं हेच हुकतं.

पावसाचं मात्र गांभीर्याने घ्या. फिंकचा उगम उत्तरेला वेस्ट मॅकडॉनल रांगांत आहे. डोक्यावर आभाळ निरभ्र असतानाही वर पडलेलं पाणी पात्रात येऊ शकतं, आणि इथे पात्र हाच रस्ता आहे. पाणी ओसरल्यावर वरून सुकलेली वाळू आतून दलदल असते. निघायच्या सकाळी रस्त्यांची स्थिती सांगणारी सरकारी वेबसाइट रोड रिपोर्ट एनटी बघा. ट्रॅक बंद असेल तर वाद न घालता दुसरीकडे जा.

बाकी थोडक्यात. नॉर्दर्न टेरिटरी या इथल्या प्रांताबाहेरच्यांना पार्क पास लागतो. तो आणि कॅम्पची जागा ऑनलाइन आधी घ्या. जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो, तेव्हा आईसाठी जाड स्लीपिंग बॅग. हर्मन्सबर्गनंतर मोबाइलचा भरवसा नाही. सॅटेलाइट फोन किंवा पीएलबी (संकटात आपलं ठिकाण उपग्रहाला कळवणारं छोटं यंत्र) भाड्याने मिळतो. पाणी माणशी दिवसाला पाच लिटर तरी, शिवाय एका दिवसाचं जास्तीचं. डिझेल ॲलिसलाच फुल करा.

आणि गाडी ताब्यात घेताना फावडं, टायर गेज आणि कॉम्प्रेसर स्वतः चालवून बघा. परतताना डांबरी लागली की टायरमध्ये हवा पुन्हा भरल्याशिवाय शंभरच्या वेगाने निघू नका.