मदरबोर्ड महागडा, अर्थिंग बेपत्ता

प्रश्न : मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. आता त्याला गेमिंगसाठी एएमडीचा रायझन ७ ९८००एक्सथ्रीडी प्रोसेसर हवाय, आणि त्यावर एक्स८७०ई मदरबोर्डच लागतो, म्हणतो. दुकानदार म्हणतो बी८५०वर भागेल. खरं कोण बोलायलंय? – एक वडील, लातूर

उत्तर : दुकानदार. महागडा माल गळ्यात न मारणारा दुकानदार सापडलाय, त्याचा नंबर जपून ठेवा.

गेम पळवतात ते ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर. चिपसेट, म्हणजे बोर्डावरची जोडण्या सांभाळणारी चिप (बी८५०, एक्स८७०ई ही त्याचीच नावं), बदलला म्हणून फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, वाढत नाहीत. गंमत म्हणजे बी८५०वर जी चिप असते, तीच एक्स८७०ईवर दोनदा बसवलेली असते. दुसऱ्या चिपमुळे यूएसबी पोर्ट वाढतात, एसएसडी (साठवणीची ड्राइव्ह) लावायच्या जागा वाढतात. शिवाय एक्स८७०ईवर यूएसबी ४ द्यावंच लागतं, आणि बऱ्याच बोर्डांवर ते एका एसएसडीच्या लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, खातं. ग्राफिक्स कार्डाच्या १६ लेन आणि पहिल्या एसएसडीच्या ४ लेन थेट प्रोसेसरमधून निघतात, तिथे चिपसेटचा संबंधच येत नाही. चार-चार एसएसडी लावणार आहेस का, एवढं मुलाला विचारा.

सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, दोन्हीकडे एएम५च आहे, आणि २०२७ व त्यापुढेही तो चालू ठेवू, असं एएमडीनं सांगितलंय. हा प्रोसेसर फार तर १६२ वॅट ओढतो. वीज पुरवणाऱ्या भागावर बऱ्यापैकी हीटसिंक असलेला बी८५० तेवढं सहज पेलतो, लातूरच्या मे महिन्यातसुद्धा. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. मात्र काटकसरीच्या भरात थेट ए६२० या स्वस्तातल्या चिपसेटवर उतरू नका, त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता, म्हणजे ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवता, येत नाही.

प्रश्न : नवा बोर्ड, डीडीआर५ रॅमच्या चार पट्ट्या. पंखे फिरतात, स्क्रीन काळी. पाच वेळा बंद-चालू केलं. बोर्ड मेला का? – जालना

उत्तर : पाच वेळा बंद केलंत, तिथंच फसलं. पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमची नाडी तपासत बसतो, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि त्याला कित्येक मिनिटं लागतात. मधेच बटण दाबलं की पहिल्यापासून सुरुवात. बोर्डाच्या कडेला चार बारके दिवे असतील तर बघा : डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, दिवा लागलेला असेल तर हात न लावता चहा टाकून या.

आणि दोन पट्ट्या काढा. तुमचा प्रोसेसर रायझन ७००० किंवा ९००० मालिकेतला असेल, तर चार पट्ट्यांना अधिकृत वेग फक्त ३६००चा आहे. दोनच मोठ्या पट्ट्या घेऊन बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्स्पो ही रॅमचा वेग वाढवायची सोय चालू केली, की ६००० बहुधा सुखानं मिळतो.

प्रश्न : कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. महागडा बोर्ड आहे, जळेल का? – परभणी

उत्तर : सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, आणि यात बोर्डाचा काही दोष नाही. पॉवर सप्लायच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीपर्यंत बारके कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर २३० व्होल्टचा साधारण निम्मा दाब बॉडीवर तरंगत राहतो. करंट नगण्य, म्हणून फक्त झिणझिण्या. टेस्टर लावा, मिणमिणेल.

सॉकेट उघडून पाहिलं तर तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, असं आपल्याकडे घरोघरी आहे. माझ्या पहिल्या भाड्याच्या खोलीत असंच होतं. चालू पीसीची एचडीएमआय वायर टीव्हीला लावायला गेलो, बारीक ठिणगी उडाली आणि ग्राफिक्स कार्डाचा पोर्ट गेला. बोलावलेल्या वायरमननं अर्थची पिन न्यूट्रलला जोडून ‘झालं, साहेब’ म्हटलं. असं कधीच करू देऊ नका. न्यूट्रल तुटला की अख्ख्या कॅबिनेटमध्ये फेज येतो आणि जीवावर बेततं.

मीठ-कोळशाचा खड्डा करून घ्या, उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा. आधीच खड्डा असेल तर तो कोरडा पडलाय का, ते बघा. हे होईपर्यंत नवा बोर्ड खोक्यातच राहू द्या.

प्रश्न : झेड७९० बोर्डावर इंटेलचा आय९ १४९००के प्रोसेसर. गेम मधेच बंद पडतो, व्हिडिओ मेमरी संपली म्हणतो. ग्राफिक्स कार्ड बदलू का? – नांदेड

उत्तर : थांबा, कार्डाचा खर्च आधी करू नका. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येते, आणि हा संदेश हे तिचं ओळखीचं लक्षण आहे. ऑगस्ट २०२४ पासून इंटेलनं त्यावर मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या, दिलेत. बोर्डाचा ताजा बायोस टाका, पॉवरच्या मर्यादा इंटेलच्या डीफॉल्टवर ठेवा. झालेली इजा मात्र भरून येत नाही. तरीही गेम बंद पडत राहिला तर प्रोसेसर वॉरंटीत द्या. खोकाबंद घेतलेल्यांची मुदत इंटेलनं २ वर्षांनी वाढवली आहे.

प्रश्न : बी७६० बोर्डावर इंटेलचा नावाच्या शेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर ओव्हरक्लॉक होईल का? – धाराशिव

उत्तर : रॅम होईल, प्रोसेसर नाही. इंटेलनं ती मुभा झेड मालिकेच्या चिपसेटलाच ठेवलीय.

प्रश्न : प्रोसेसर बसवताना सॉकेटवरची काळी प्लास्टिकची टोपी निघाली, ती फेकली. काही अडचण? – बीड

उत्तर : आहे. एएम५ सॉकेटात केसासारख्या १७१८ पिना असतात. टोपी नसलेला बोर्ड वॉरंटीत घ्यायला कंपन्या खळखळ करतात, कारण पिन कुणी वाकवली हे मग ठरत नाही. घंटागाडी अजून आली नसेल तर कचऱ्याचा डबा बघा.